गेंदाबाईचा नवस

मनकर्णाबाई बाजाराच्या दिवशी आमच्याकडे आल्या, की ओसरीवर टेकायच्या आधीच विचारायच्या, "मंग, काय ऐकून राह्यल्या वासंतीबाई सध्या?"

लोक एकमेकांची तब्येत विचारतात, पीकपाणी विचारतात. या बाईला माझ्या कानांची चौकशी. आणि मला ती फार आवडायची, कारण चिखलीत मला दुसरं कोणी काही विचारतच नसे. माझे यजमान नीळकंठराव तहसील कचेरीत कारकून होते. पुढे मी त्यांना 'हे' म्हणणार आहे. जन्मभर तेच म्हणत आले, आता उतारवयात जिभेला नवं वळण कुठून लावू? जिल्ह्यातून बदलून गेलेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात यांनी ग्रामोफोन आणि जुन्या तबकड्यांची एक पेटी घेतली. त्या दिवसापासून आमचं घर 'बाजावाल्या बाबूचं' झालं.

मनकर्णाबाई अमडापूरच्या. आमची तिथली थोडी जमीन त्यांच्या घराकडे बटाईनं होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. धाकटा दीर पुंजाजी आणि त्या मिळून शेत बघत. बाजाराला गाडी आली की आमच्या वाट्याची ज्वारी नाहीतर तूर उतरवायची, पुंजाजीनं बैल सोडून बाजारात जायचं आणि मनकर्णाबाईंनी ओसरीवर बसून माझी वाट बघायची, असा रिवाज पडला होता.

फुकट ऐकायचं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी एक तबकडी लावली की त्याही आठवडाभरात ऐकलेलं काहीतरी काढायच्या. डोणगावहून कोणाची सून आली, तिनं जात्यावर म्हटलेली ओवी. दारी आलेल्या गोंधळ्यानं जुन्याच गाण्याला दिलेली नवी चाल. एकदा तर म्हणाल्या, "पुंजाजीनं मोटेले नवं चाक बसवलं. आइका, आता असं बोलते ते." आणि नाकातून ते चाक असं हुबेहूब करकरवलं, की आमची मांजर उठून परसात गेली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण नंतर रात्रीची भांडी घासताना तोच सूर माझ्या तोंडात होता.

आता यांच्या शिस्तीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. ग्रामोफोनच्या सुया एका पत्र्याच्या डबीत असत आणि ती डबी यांच्या कोटाच्या खिशात. हे कचेरीत तर सुयाही कचेरीत! आणि दुसरी शिस्त त्याहून कडक. पेटीतल्या बऱ्याच तबकड्या अगदी पहिल्या काळातल्या, गाणाऱ्या बायांच्या. तेव्हाची रीत अशी, की गाणं संपलं की बाईनं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. त्यातलं एक मराठी पद यांच्या फार आवडीचं होतं. "उशीर झाला देवा, दार नको लावू" असं त्याचं धृपद. ते लागलं की हे डोळे मिटून मांडीवर ताल धरीत. पण शेवटची ओळ संपत आली, की डोळे बरोबर उघडत, हात लांब होई आणि नाव येण्याआधी सुई वर. शेजारीपाजारी काय म्हणतील, ब्राह्मणाच्या घरात नाटकशाळेचं, गाण्यावर पोट भरणाऱ्या बाईचं नाव! गाणं आमच्या घरात चालायचं, नाव चालत नसे. मलाही कित्येक महिने ठाऊक नव्हतं, आपण कोणाचं ऐकतो ते.

एका बाजारी मनकर्णाबाई आल्या आणि सुया यांच्या खिशात. मी चरफडले. त्या म्हणाल्या, "सुईच पायजे न? टोकदार असलं म्हंजे झालं न?" आणि खाली उतरून गाडीतल्या काट्याकुट्यांतून बाभळीचा एक लांब काटा घेऊन आल्या. पायरीच्या दगडावर घासला, मी तो सुईच्या जागी बसवला. आणि सांगते, लागलं हो गाणं! आवाज बारीक, पण सुईपेक्षा गोड. दोघी कर्ण्याला कान लावून बसलो. पद संपलं. सुई उचलायला यजमान नव्हते, आणि मला त्याची आठवण राहिली नाही. थोडा वेळ नुसती खरखर झाली आणि मग ती बाई घाईघाईनं, उंच आवाजात म्हणाली, "गेंदाबाई, बुऱ्हाणपूरवाली!"

मनकर्णाबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. "बुऱ्हानपुरच्या का?"

"हो, तिथल्याच दिसतात."

"धन्य हाय माय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, गळ्याला धन्य म्हणतायत. मीही मान डोलावली. पुन्हा लावा म्हणाल्या, पुन्हा लावलं. मग ताकाचं गाडगं न हिंदकळता न्यावं तसं ते पद तोंडात धरून त्या गाडीत बसल्या. पुंजाजी काही विचारत होता, तर त्याला हातानंच गप्प केलं.

पुढं पावसाळ्याचे दिवस आले आणि त्यांचं येणं थांबलं. पुंजाजी एकटाच यायचा. विमल, म्हणजे मनकर्णाबाईंची लेक, बाळंतपणाला आलेली आहे, एवढं तुटक सांगायचा. मी 'काय ऐकलं' म्हणून कोणाला विचारणार? यांना विचारलं तर 'सरकारी वसुलीची रड ऐकली' म्हणायचे.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मनकर्णाबाई आल्या. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले. नेहमीचा प्रश्न नाही. ओसरीच्या खांबाला टेकल्या आणि म्हणाल्या, "बाई, बुऱ्हानपुरले कसं जाव लागते?"

"बुऱ्हाणपूरला? काय काम काढलंत?"

"नवस फेडाचा हाय. गेंदाबाईचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. विमलचं पहिलं मूल गेलेलं. या खेपेलाही अडली. सकाळी सुरू झालेल्या कळा दुपार कलली तरी तशाच. सुईण हात धुऊन बाहेर येऊन बसली. "मी लेकीचं डोस्कं मांडीवर घेऊन बसली होती. तोंडात आपलं तेच चालू. उशीर झाला देवा, दार नको लावू. आमी दर शुक्रवारी देवीच्या देवळात म्हनतो न ते, साऱ्या बायका. म्हनता म्हनता शेवटाले तिचं नाव आलं, अन् माह्या तोंडून निंगून गेलं. गेंदाबाई माय, इमल मोकळी होऊ दे. तुह्या दारी येऊन खणानारळानं ओटी भरीन." मग म्हणाल्या, "पोट्टी झाली. रडली बी."

"देवळात म्हणता? नावासकट?"

"नाव सोडून कसं चालीन? संताचं नाव नाही घेतलं त अभंग पुरा होते का?"

आणि त्यांनी हलकी टाळी देत शेवटची ओळ म्हणून दाखवली. बाईनं तबकडीत जे नुसतं ओरडून सांगितलं होतं, त्याला अमडापूरच्या बायकांनी चाल लावली होती. 'गेंदा'वर उंच जाऊन 'बुऱ्हाणपूरवाली' उतरत उतरत समेवर. वर पुस्ती, "समाधी नदीच्या काठी असन न तिची?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अभंगाच्या शेवटी संताचं नाव येतं, तसंच हेही, असं त्या समजल्या होत्या! मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू घशातच आटलं. पोर जन्मल्यापासून किडकिडीत होती. दर पंधरवड्याला तिला ताप भरायचा. नवस फिटल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही आणि नावही ठेवायचं नाही, असं मनकर्णाबाईंनी मनाशी धरलं होतं. आधी बाळंतिणीचं दुखणं, मग कापसाची वेचणी. दिवस लांबत गेले. परवापासून पोरीनं दूध ओढायचं जवळजवळ सोडलं होतं. "मी उशीर केला बाई," त्या म्हणाल्या. "एक गेलंच हाय. हे बी जाईन."

आता हिला खोट्या आशेवर बुऱ्हाणपूरला पाठवायचं? मी सरळ सांगितलं. गेंदाबाई संत नाही, समाधी नाही. ती गाणारी बाई आहे, कलावंतीण. पैसे घेऊन माणसांपुढे गाणारी. जिवंत आहे की नाही, देव जाणे.

मनकर्णाबाई पायरीवर सांडलेले ज्वारीचे दाणे वेचायला लागल्या. त्या खचल्या असं मला वाटलं आणि आपल्या तोंडाचा मला रागच आला. मग त्या म्हणाल्या, "नवस बोलताना मी तिले इचारलं होतं का, तू कोन होय म्हून?"

"नाही, पण..."

"मी हाक मारली, तिनं आइकली. आता ती कोनी का असंना. ज्याच्या नावानं बोललं त्याच्या दारी फेडाव लागते." आणि मग, इतका वेळ कोरडे असलेले डोळे पुसत, "पन माह्या कपाळाले कुंकू नाही. माह्या हातची ओटी चालत नाही. तुमी येता का बाई? तुमी भरजा."

भाऊबीजेला मी माहेरी भुसावळला जाणारच होते. तिथून बुऱ्हाणपूर आगगाडीनं जवळ. सोय अशी आयती पुढ्यात उभी, पण खरं सांगायचं तर मी घाबरले. घरची, दारची, माहेरची, सगळ्यांची तोंडं डोळ्यांपुढे आली. कारकुनाची बायको कलावंतिणीची ओटी भरते, ही बातमी माझ्याआधी चिखलीला पोचली असती. पण त्या बाईनं मला इतक्या बाजारी 'काय ऐकता' म्हणून विचारलं होतं, आणि आज पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी 'येते' म्हटलं.

यांना सांगितलं तेव्हा हे जेवत होते. घास हातातच राहिला. "शुद्धीवर आहेस का? त्या बाईच्या माडीवर तू जाणार? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही लोकांना सांगू नका, म्हणजे लोक काही म्हणणार नाहीत."

"अडाणी बाईची समजूत आहे ती. समजावून सांग तिला."

"सांगितलं. तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजलं." मग माझाही तोल गेला. "वर्षभर तिचं गाणं ऐकताय, डोळे मिटून. ते चालतं. तिच्या दारात गेलेलं चालत नाही?"

हे भात तसाच टाकून उठले. जायच्या दिवशी सकाळी मात्र अमडापूरच्या मोटारीपर्यंत पोचवायला आले, आणि बुऱ्हाणपूरचं नाव न घेता म्हणाले, "जपून जा."

अमडापूरला मनकर्णाबाई आणि पुंजाजी मला मिळाले. मी उंबऱ्याआतून पोरीला बघून घेतलं. मूठभर जीव, विमलच्या पदरात निपचित. खामगावपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. भाऊबीज झाली आणि वहिनीला 'मैत्रिणीकडे जाऊन येते' सांगून मी या दोघांबरोबर बुऱ्हाणपूरची गाडी धरली. मनकर्णाबाईंनी मांडीवर नारळ, खण आणि तांदळाचं गाठोडं घट्ट धरलं होतं. सबंध वाटेत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

बुऱ्हाणपूरला उतरल्यावर पुंजाजीनं दिसेल त्याला "गेंदाबाई संत कुठीसा राह्यते?" विचारायला सुरुवात केली. लोक हसायला लागले, दोघातिघांनी डोळे मिचकावले. माझं डोकं तडकलं. एका म्हाताऱ्या विणकराला मी खणखणीत विचारलं, "गेंदाबाई गाणारी. कुठं राहते?" तो हसला नाही. दोन बोळ दाखवले, म्हणाला, "अब कहाँ गाती है."

म्हणजे ती जिवंत होती. मनकर्णाबाईंनी माझा दंड धरला.

माडीबिडी काही नव्हती. मागांची खटखट चाललेल्या एका बोळात दोन खोल्यांचं घर. पुंजाजी बाहेरच्या ओट्यावर बसला. आत पांढऱ्या केसांची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई सुपारी कातरत होती. आवाज घोगरा, फाटलेला. मला वाटलं, ही मोलकरीण असेल. "गेंदाबाई?" मी विचारलं.

"हाँ. क्या काम है?"

मी सांगायला लागले आणि माझी जीभ अडखळायला लागली. नवस, बाळंतपण, ओटी. मी मराठीत बोलत होते, तिला सगळं कळत होतं. जसजसं मी बोलत गेले तसतसा तिचा अडकित्ता थांबत गेला. शेवटी तिनं तो खाली आपटला.

"किसने भेजा है तुमको? मज़ाक करने आयी हो?" ती म्हणाली. मग मराठीवर आली. "घरच्या बाया आमच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावतात. त्या माझी ओटी भरणार? जा. जा इथून."

"थट्टा नाही हो," मी म्हटलं.

"मग पाप आहे. माझ्या नावानं नवस बोललात, उद्या पोर दगावली तर माझ्या माथी मारणार? मैं कोई देवी नहीं. नारळ उचला."

मनकर्णाबाई दारातच खाली बसल्या. गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि दोन्ही हातांनी पुढं सरकवलं. "माय, देवी नसशीन त नसशीन. मले काय करायचं? पन तू आइकलं माहं. आता घे. तू नाही घेतलं त मी कोनाच्या दारी जाऊ? दुसऱ्या कोनाचं नावच नोतं माह्या तोंडात." त्यांनी गाठोडं आणखी पुढं ढकललं. "लेकरू धड दूध पीत नाही. नाव बी नाही ठिवलं आजून."

"मी काही ऐकलं नाही," गेंदाबाई ओरडली. "मी इथं बसून सुपारी कातरत होते! तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही. माझं नाव तुझ्या तोंडात आलं कसं?"

"गान्यातून," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कुठलं गाणं?"

मी सांगितलं. ती बुचकळ्यात पडली. मग आठवून आठवून म्हणाली, हो, कधीकाळी नागपूरला एका हॉटेलच्या खोलीत गोऱ्या साहेबानं भिंतीतल्या कर्ण्यापुढे उभं केलं होतं. बरीच गाणी गायली त्या दिवशी. कर्ण्यात तोंड घालून गा, मान हलवू नको, आणि शेवटी नाव जोरात सांग. तबकड्या विलायतेत बनायच्या. कुठली कोणाची हे तिथल्या माणसाला कळायला हवं म्हणून. "कापसाच्या गाठीवर छाप मारतात ना, तसं. मी ओरडले, झालं. पुढं काय झालं त्याचं, मला काय ठाऊक? आपल्याजवळ मशीन कुठं होती? मैंने तो कभी सुना ही नहीं."

"तुमचं गाणं तुम्ही ऐकलंच नाही?" मी विचारलं.

"गाणाऱ्याला कोण ऐकवतं?" ती म्हणाली.

तेव्हा मनकर्णाबाईंनी डोळे पुसले. कोणी सांगितलं नाही, विचारलं नाही. मांडी घातली, एक टाळी दिली आणि सुरू केलं, "उशीर झाला देवा, दार नको लावू."

सुरुवातीला आवाज रडण्यात अडकत होता. तबकडीतल्या तानाबिना त्यात काही नव्हत्या. जिथं गेंदाबाईनं कधीकाळी गिरकी घेतली असेल, तिथं अमडापूरच्या बायकांनी टाळीवर टाळी घालून सरळ वाट काढली होती. म्हातारीचं तोंड वाकडं झालं. "ऐसा नहीं गाया था मैंने," ती पुटपुटली. मनकर्णाबाई थांबल्या नाहीत. देवळात बसल्यासारख्या डोळे मिटून गात राहिल्या. आणि शेवटच्या ओळीनंतर, जराही न अडखळता, तिचं नाव घेतलं. 'गेंदा'वर उंच, आणि मग 'बुऱ्हाणपूरवाली', उतरत, सावकाश, समेवर. वर दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, दर शुक्रवारी लावतात तसे.

गेंदाबाईनं चष्मा काढला. भिंगं पदरानं पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"हे... हे कुठं म्हणता तुम्ही?"

"देवीच्या देवळात. साऱ्या बाया."

"असं नावासकट?"

"नावाबिगर कसं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. तोच प्रश्न त्यांना कोणी तिसऱ्यांदा विचारला असता तरी त्यांनी तेच उत्तर दिलं असतं.

"शेवटचं पुन्हा म्हण," गेंदाबाई म्हणाली. मनकर्णाबाईंनी म्हटलं. "पुन्हा." त्यांनी पुन्हा म्हटलं. म्हातारीचे ओठ हलत होते, पण तिनं स्वतः म्हटलं नाही, नुसतं ऐकलं. मला तिथं बसवेना. रडू येत होतं आणि ते कोणासाठी, हे काही केल्या कळत नव्हतं.

मग ती उठली, आत जाऊन तोंड धुऊन आली, आणि आमच्यासमोर पाट मांडून बसली. पदर पुढं पसरला. मी गाठोडं सोडलं, खण आणि नारळ उचलले. तिनं माझा हात अडवला.

"तू नहीं. नवस तिचा आहे."

"माय, माह्या हातानं चालत नाही. मी बिनाकुंकवाची बाई," मनकर्णाबाई घाबरून म्हणाल्या.

"आणि माझं कुठं काय चालतं?" गेंदाबाई म्हणाली. "भर. माझी ओटी आहे, कोणाच्या हातची घ्यायची ते मी ठरवणार."

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खण-नारळ त्यांच्या हातात दिले. नवरा गेल्यापासून त्या हातांनी कोणाची ओटी भरली नव्हती. मुठीतून अर्धे तांदूळ पाटाबाहेर सांडले. गेंदाबाईनं ते एकेक करून वेचले आणि आपल्या पदरात टाकले. मी कुंकवाची डबी पुढं केली. तिनं स्वतःच्या बोटानं लावून घेतलं.

निघताना मनकर्णाबाईंनी विचारलं, "पोट्टीचं नाव तुहंच ठिवू का माय?"

"हरगिज़ नहीं!" ती एकदम म्हणाली. "उद्या तिला कोण करून घेईल? नाम गाने में रहने दो. तिथंच बरं आहे ते." आणि दारापर्यंत आली, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्याकडे आहे म्हणतेस ती तबकडी. नाव चांगलं ऐकू येतं का त्यात?"

"येतं," मी म्हटलं. आमच्या घरी सुई कधी उचलतात, ते मी तिला सांगू शकले नाही.

पोरीचं म्हणाल तर ती काही एका दिवसात बाळसेदार झाली नाही. पण आम्ही परतलो तेव्हा दूध ओढत होती. मनकर्णाबाईंनी तिला त्याच दिवशी अंगणात आणून ऊन दाखवलं. नाव शालू ठेवलं. किडकिडीत होती ती किडकिडीतच राहिली, रडकीही. फक्त आता तिच्या रडण्याची घरात भीती वाटत नव्हती.

संक्रांतीच्या आसपास बाजार आणि सुट्टी एकाच दिवशी आली. हे घरात होते. मनकर्णाबाई नातीला कडेवर घेऊन आल्या आणि टेकायच्या आधीच विचारलं, "काय ऐकून राह्यल्या बाई सध्या?"

मी बोलायच्या आधी हेच उठले. ग्रामोफोन ओसरीवर आणून ठेवला, किल्ली दिली, खिशातली डबी काढून नवी सुई बसवली. बुऱ्हाणपूरबद्दल यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तबकडी मात्र तीच काढली. रस्त्यावर बाजाराची वर्दळ होती. दोघंतिघं ऐकायला उभे राहिले. शेजारच्या अन्नपूर्णाबाई तुळशीला पाणी घालता घालता थांबल्या. हे डोळे मिटून ताल धरू लागले. शेवटची ओळ संपत आली, डोळे उघडले, हात सवयीनं लांब झाला.

मी त्यांचं मनगट धरलं. "असू द्या," मी म्हटलं.

यांनी रस्त्याकडे पाहिलं, अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खरखर चालू होती. आणि मग भर बाजारात, आमच्या ओसरीवरून, ती ओरडली, "गेंदाबाई, बुऱ्हाणपूरवाली!"

मनकर्णाबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. मग मान जराशी तिरकी करून म्हणाल्या, "लय घाईत म्हनते हो बाई आपलं नाव. आपन सावकाश म्हनू."

त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि टाळी दिली. हे उठून आत जातील, असं मला वाटलं होतं. गेले नाहीत. मी मनकर्णाबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून ते नाव म्हटलं, 'गेंदा'वर उंच, आणि मग सावकाश खाली.